आधी डागडुजी, मग दाणा

जळगावात काय किंवा धुळ्यात काय, दिवाळीच्या साफसफाईला हात घातला की जिन्याखालून किंवा माळ्यावरून एक वस्तू हटकून बाहेर येते. घरातल्या मुलांची लहानपणची सायकल. मुले केव्हाच मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेलेली असतात, सायकल मात्र घर सोडून गेलेली नसते. तिचा सांगाडा बहुधा धड असतो. लोखंडाला गंज चढला तर तो घासून काढावा आणि वर रंगाचा हात द्यावा, इतके कोणालाही समजते. पेच पडतो तो चाकांपाशी. एकेकाळची शुभ्र प्लास्टिकची चाके आता पिवळी पडलेली असतात. हात फिरवला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागते. वरून तैलरंग मारला तर थोड्याच दिवसांत त्याचे पोपडे निघतात. मग घरातले कोणीतरी निकाल देते, ‘आता यात काही राम नाही’, आणि सायकल भंगारवाल्याच्या गाडीवर चढते.

हा निकाल घाईचा आहे, असे माझे म्हणणे आहे. यातली बरीच चाके घरच्या घरी स्वच्छ करून, गरम पाण्यात रंगवून पुन्हा उभी करता येतात. त्याला ना कारखाना लागतो, ना मोठा खर्च. आणि हे खानदेशाने इतरांच्या आधी ओळखायला हवे, कारण कापड रंगवणे आणि प्लास्टिक घडवणे ही दोन्ही कामे या मातीला परकी नाहीत.

हे चाक आले कोठून?

तारेच्या आऱ्यांचे चाक आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. प्लास्टिकचे अखंड चाक त्या मानाने कालचे. १९७० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मुलांमध्ये एक वेड पसरले. मोटारसायकलच्या शर्यतीच्या थाटात मातीच्या मैदानावर सायकली पळवायच्या, उंचवट्यावरून उडवायच्या. पुढे याच खेळाला बीएमएक्स हे नाव मिळाले. या उड्यांमध्ये तारेची चाके वाकत. त्यावर तोडगा म्हणून स्कायवे नावाच्या कंपनीने काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे, मोजक्या जाड आऱ्यांचे चाक बाजारात आणले. ना तार तुटण्याची भीती, ना चाक ‘आउट’ होण्याची. १९८२ साली ‘ई.टी.’ या चित्रपटातल्या मुलांनी बीएमएक्स सायकली पळवल्या आणि हे वेड जगभर गेले. त्याच साली स्वीडनमध्ये ‘इटेरा’ नावाची जवळजवळ सबंध प्लास्टिकची सायकल निघाली. ती मात्र लोकांना रुचली नाही आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. सायकल प्लास्टिकची झाली नाही, पण प्लास्टिकचे चाक टिकले.

आपल्याकडे ते आले लहान मुलांच्या सायकलींवर. काही चाके खऱ्या नायलॉनची, आणि स्वस्त सायकलींची पॉलिप्रॉपिलीनची. वरून पाहिले तर दोन्ही सारखीच. पण रंगवायला बसले की ही दोन प्लास्टिके सख्खी तर सोडाच, चुलत भावंडेही नाहीत, हे कळते.

चाक बिघडते ते का, हेही समजून घ्यावे. पहिला शत्रू आपले ऊन. मे महिन्यात ज्या उन्हात माणूस घराबाहेर पडत नाही, त्या उन्हात सायकल गच्चीवर उभी असते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. आधी रंग पिवळा पडतो, मग वरचा थर भुसभुशीत होतो. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या काळ्याच का असतात, याचे उत्तर इथेच आहे. त्यांत मिसळलेली काजळी ऊन स्वतःवर घेते आणि नळीला वाचवते. पांढऱ्या चाकाला असे कवच नसते.

दुसरा शत्रू कोरडी हवा, आणि हा फक्त नायलॉनचा. नायलॉन पाणी पिते. साधे नायलॉन बराच काळ पाण्यात ठेवले तर आपल्या वजनाच्या ८-९ टक्क्यांपर्यंत पाणी शोषते. काच मिसळलेले त्याहून कमी. हे पाणी रेणूंच्या साखळ्यांमध्ये वंगणासारखे काम करते आणि नायलॉनला चिवट ठेवते. ते निघून गेले की नायलॉन कडक आणि ठिसूळ होते. म्हणूनच नायलॉनचे नवे भाग काही कारखान्यांत मुद्दाम गरम पाण्यात ठेवून मुरवतात. म्हणजे गरम पाण्यात चाक रंगवताना रंग तर चढतोच, शिवाय खानदेशी उन्हाळ्याने सुकवलेल्या नायलॉनला थोडे पाणीही मिळते. तुटलेल्या साखळ्या मात्र त्याने जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

रंग धरायला जागा लागते

फैजपूरचे नाव निघाले की आपल्याला १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पण त्याच्याही आधीपासून फैजपूरची ओळख रंगाऱ्यांचे गाव अशी होती. तिथले छापील सुती कापड आणि गडद निळे-तांबडे रंग नावाजलेले होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळच्या देशी रंगाऱ्यांच्या हाती लाल रंगासाठी आलीची, म्हणजे बारतोंडीची मुळे होती. पण सुताला तो लाल रंग आपणहून धरवत नाही. त्यासाठी कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढावे लागते. तुरटी मध्यस्थ होते. एका हाताने सूत धरते, दुसऱ्या हाताने रंग. रंगाऱ्याला रेणू ठाऊक नव्हते, पण रंग बसायला कापडात जागा असावी लागते आणि नसली तर ती करून द्यावी लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

नायलॉनचेही हेच आहे. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी ते बनवले आणि १९४० पासून त्याचे पायमोजे रेशमाऐवजी विकले जाऊ लागले. रेशमाची जागा त्याने घेतली यात नवल नाही, कारण दोघांच्या रेणूंमधली मुख्य सांधेजोड एकाच जातीची आहे. त्यामुळे जो रंग रेशमावर आणि लोकरीवर बसतो, तो नायलॉनवरही बसतो. पाण्यात थोडे आम्ल, म्हणजे घरातले पांढरे व्हिनेगर घातले की नायलॉनच्या साखळीच्या टोकांवर धन भार येतो. रंगाचा कण ऋण भाराचा. दोघे एकमेकांना ओढून घेतात. उष्णतेने नायलॉन सैल झालेले असल्याने रंग वर न थांबता थोडा आतही उतरतो. म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये अशी जागाच नाही. त्याला पाण्याशी देणेघेणे नाही आणि रंगाशीही नाही. तासभर उकळा, चाक पुसले की जसेच्या तसे. जळगावच्या चटया याच प्लास्टिकच्या. त्यांचे लाल-हिरवे-जांभळे पट्टे नंतर रंगवलेले नसतात. प्लास्टिक वितळलेले असतानाच रंग त्यात मिसळतात आणि मग धागा ओढतात. तो रंग जन्मतः येतो, मागाहून देता येत नाही.

एक पेला पाणी

मग आपले चाक कोणत्या जातीचे, हे ओळखायचे कसे? आतल्या बाजूला ‘पीए’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली असली तर प्रश्न मिटला. पीए म्हणजे नायलॉन. नसली तर चाकाच्या आतल्या कडेला साच्याची बारीक शीर असते, तिचा नखाएवढा तुकडा कापावा आणि पेलाभर पाण्यात टाकावा. बोटाने खाली दाबून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढावेत. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येते. नायलॉन जड, ते तळाशी जाते. शेतकऱ्याला ही परीक्षा नवी नाही. विहिरीत पडलेली ‘नायलॉनची’ दोरी पाण्यावर तरंगताना त्याने पाहिलेली असते. ती तरंगते, कारण नाव नायलॉनचे असले तरी ती नायलॉनची नसते.

तुकडा बुडाला तरी लगेच हुरळून जाऊ नये. काच मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते. म्हणून दुसरी परीक्षा. तोच तुकडा गरम पाण्यात, चमचाभर पांढऱ्या व्हिनेगरबरोबर, चिमूटभर खायच्या रंगात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. जिलेबीला घालतात तो रंग चालतो, कारण तोही याच आम्लरंगांच्या घराण्यातला. धुतल्यावर रंग राहिला तर चाक रंगवण्याजोगे. मात्र खायचा रंग परीक्षेपुरताच, तो उन्हात लवकर उडतो.

धुळ्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी मी हा उद्योग केला. भाच्याची सायकल त्याच्या मुलीसाठी उभी करायची होती. दाराशी आलेल्या भंगारवाल्याने चाके हातात घेऊन पाहिली आणि हसत म्हणाला, “या चाकेस्ना काय पैसा येतीन, भाऊ?” त्याचे बरोबरच होते. त्याच्या तराजूत त्या चाकांना किंमत नव्हती. तुकडा पेल्यात टाकला, तो तळाशी गेला. खायच्या रंगाची परीक्षाही उतरली. बहिणीने मात्र आधीच बजावले, “दादा, माझ्या स्वयंपाकाच्या पातेल्याला हात लावायचा नाही.” तिचेही बरोबर होते. ज्या भांड्यात रंग शिजला, ते भांडे पुन्हा चुलीवर अन्नासाठी चढता कामा नये. मोडीतून एक रुंद स्टीलचे पातेले आणले. स्टीलचेच हवे. व्हिनेगर पितळ आणि ॲल्युमिनियम खाते, आणि लोखंडाने रंग काळवंडतो.

रीत अशी. टायर, आस, छर्रे, लोखंडी बुश, सारे काढून घ्यावे. चाक भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवावे. तेलाचा डाग राहिला तर तिथे रंगाचाही डाग राहतो. मग बारीक पॉलिश पेपरने, पाण्याखाली धरून, वरचा भुसभुशीत थर घासून काढावा. कोरडे घासू नये, कारण त्यातली काचेची धूळ श्वासात जाणे चांगले नाही. पातेल्यात चाक बुडेल इतके पाणी तापवावे. वाफा निघाव्यात, पण खळखळ उकळी नको. रेशीम-लोकर-नायलॉनसाठीचा रंग वेगळ्या भांड्यात विरघळवून, गाळून त्यात घालावा आणि वाटीभर व्हिनेगर घालावे. सुती कापडासाठीची पुडी इथे नीट काम देत नाही. चाक तळाला टेकू न देता सारखे फिरवत राहावे, नाहीतर एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिके होते. अर्ध्या-पाऊण तासात रंग भरतो. मग आंच बंद करून चाक त्याच पाण्यात निवू द्यावे.

या कामात सर्वांत सुंदर गोष्ट असते ती पाण्याची. रंग बेताने घेतलेला असेल तर पातेल्यातले लालभडक पाणी हळूहळू फिके होत जाते. रंग पाण्यातून निघून चाकात गेलेला डोळ्यांना दिसतो. बहीण दोनदा येऊन पातेल्यात डोकावून गेली, ती चाकासाठी नव्हे, पाणी निवळताना पाहायला.

काही मर्यादा पाळाव्यात. फिक्यावर गडद चढते, गडदावर फिके नाही. काळ्या चाकाचे काही होत नाही. पिवळ्या पडलेल्या चाकावर निळा रंग घातला तर ते हिरवट होते, म्हणून लाल, तपकिरी किंवा काळा बरा. रंगाची पूड हवेत उडू देऊ नये, नाकाला फडके बांधावे आणि मुलांना लांब ठेवावे. रंग नाव-गाव असलेल्या पाकिटातलाच घ्यावा. घातक अमाइन सोडणाऱ्या काही ॲझो रंगांवर केंद्र सरकारने १९९७ सालीच बंदी घातली, ती उगाच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आऱ्यांच्या मुळाशी आणि मधल्या तुंब्याभोवती नखाने चाचपून पाहावे. केसाएवढी जरी चीर दिसली तरी ते चाक बाद. रंगाने चीर झाकते, भरत नाही. लेकराच्या हातापायापेक्षा चाक मोठे नाही.

कल्हई आणि कारखाना

आता मुख्य मुद्दा. कोणी म्हणेल, जळगावसारख्या गावात हा खटाटोप कशाला? इथे जुन्या प्लास्टिकचा दाणा होतो आणि दाण्याच्या चटया होतात. वाया काहीच जात नाही. मला या उद्योगाविषयी आदर आहे. देशाने टाकून दिलेले प्लास्टिक औद्योगिक वसाहतीत आणून त्यातून घरोघरी अंथरायची वस्तू करणे ही साधी गोष्ट नव्हे. पण दाणा करणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. प्लास्टिक जितक्या वेळा वितळवावे तितक्या त्याच्या साखळ्या आखूड होतात आणि ते उतरत्या दर्जाच्या वस्तूकडे जाते. त्यात नायलॉनचे चाक चटईच्या मालात मुळीच मिसळत नाही. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, नायलॉनला २२० च्या पुढे जावे लागते. चुकून मिसळले तर गाठी धरते आणि माल नासवते. म्हणजे चटईवाल्याला जे नको, भंगारवाल्याला ज्याची किंमत नाही, ते शेवटी उकिरड्यावर जाते किंवा कोणीतरी पेटवून देते. नायलॉनच्या चाकापुढे ‘दुरुस्ती की पुनर्वापर’ असा पर्यायच बहुधा नसतो. दुरुस्ती किंवा उकिरडा, एवढेच असते.

महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलवर बंदी आणली. २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. ती योग्यच. पण या सगळ्या चर्चेत प्लास्टिक म्हणजे टाकायची वस्तू, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले. पाच मिनिटांची पिशवी आणि वीस वर्षे पळणारे चाक एकाच तागडीत तोलू नये. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली म्हणून भांडे टाकत नव्हत्या. कल्हईवाला गल्लीत यायचा, भाता लावायचा आणि भांडे पुन्हा उजळायचे. जुनेराची गोधडी व्हायची. टिकाऊ प्लास्टिकला तेवढा मान आपण अजून दिलेला नाही, कारण ते स्वस्तात आले आणि त्याची डागडुजी कोणी शिकवली नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाला अर्धा दिवस चाकापायी घालवणे परवडत नाही, आणि मुलांची नवी सायकल काही आवाक्याबाहेर नाही. मान्य आहे. प्रत्येकाने घरात रंगारी व्हावे, असे मी म्हणत नाही. घरोघरी कल्हई तरी कोण करीत होते? त्यासाठी गल्लीत एक जाणता माणूस असे. आज सायकल दुकानदाराला हे काम शिकता येईल. एका पातेल्यात दिवसाला चार-सहा चाके निघाली तर त्याची मजुरीही सुटेल. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलांबरोबर हे शिकवता येईल. विज्ञानाच्या पुस्तकातले आम्ल, भार, घनता हे तिन्ही धडे या एका चाकात आहेत.

आणि सायकल बनवणाऱ्यांकडे दोन साध्या मागण्या. प्रत्येक चाकावर ते कोणत्या प्लास्टिकचे आहे ती अक्षरे ठळक उठवा, आणि आतला बुश व आस सुटे विकत मिळू द्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या यांची नावे पुढे आली. लहान मुलाची सायकल त्या यादीत नव्हती. खरे तर माणसाच्या आयुष्यातले ते पहिले वाहन. मोडलेली वस्तू नीट करता येते की फेकायची असते, याचा पहिला धडा तिथेच मिळतो.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी चाकाचा एक तुकडा पेलाभर पाण्यात टाकून पाहावा. वर आला तर चाक जसे आहे तसे धुऊन-पुसून वापरावे, आणि अगदीच गेले असेल तर दाण्याच्या वाटेला लावावे. तळाशी गेला तर रंगाची परीक्षा घ्यावी, आणि पाणी तापत ठेवावे.